टॉवरचं घड्याळ कोण तपासतं? बेस स्टेशन ट्रान्समीटरच्या चाचणीसाठी टायमिंग रेफरन्स कसा निवडतात

तुमच्या फोनमध्ये एक छोटंसं क्वार्ट्झ क्रिस्टल असतं. फोनचा रेडिओ त्याच्याच ठेक्यावर चालतो. पण हे क्रिस्टल स्वस्त असतं आणि खिशात गरम, एसीत थंड झालं की त्याचा वेग जरासा बदलतो. एकट्याच्या भरवशावर ते मोबाइल नेटवर्कला पुरेसं अचूक नसतं. म्हणून फोन एक युक्ती करतो. तो टॉवरचा सिग्नल ऐकतो आणि आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो. नियमच तसा आहे: टॉवरकडून येणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या तुलनेत फोनची फ्रिक्वेन्सी ०.१ पीपीएमच्या आत असली पाहिजे. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग.

म्हणजे फोन आपलं घड्याळ टॉवरकडून लावतो. मग टॉवरचं घड्याळ बरोबर आहे की नाही, हे कोण तपासतं? आणि तपासणाऱ्याचं घड्याळ?

मी नाशिकमध्ये राहतो आणि बेस स्टेशनच्या चाचणीसाठी ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या कामात मोजमाप यंत्र चालवण्यापेक्षा जास्त वेळ या एका प्रश्नावर जातो: मोजताना 'खरं' कोणाला मानायचं? या खऱ्या मानलेल्या घड्याळालाच टायमिंग रेफरन्स म्हणतात. तो चुकीचा निवडला, तर बिघडलेला टॉवरही चाचणीत पास होतो आणि चांगला टॉवर नापास होतो. आज हेच सविस्तर समजून घेऊया.

आधी दोन वेगळे प्रश्न: वेग आणि क्षण

घड्याळाबद्दल दोन गोष्टी विचारता येतात. एक, काटे बरोबर वेगाने फिरतात का? दोन, काट्यांवर आत्ता दिसणारी वेळ बरोबर आहे का?

घड्याळाचा वेग अगदी अचूक असू शकतो, पण तुम्ही ते पाच मिनिटं पुढे लावलेलं असू शकतं. उलट, आत्ता बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ रोज अर्धा मिनिट मागे पडणारंही असू शकतं.

मोबाइलच्या भाषेत वेगाला फ्रिक्वेन्सी म्हणतात, आणि क्षणाला फेज किंवा वेळ. चाचणीच्या यंत्रालाही या दोन गोष्टी दोन वेगळ्या तारांनी मिळतात. वेगासाठी सहसा १० मेगाहर्ट्झचा सिग्नल असतो. यंत्राच्या मागच्या बाजूला त्यासाठी 'रेफरन्स इन' लिहिलेला सॉकेट असतो. क्षणासाठी ट्रिगर असतो, म्हणजे 'आत्ता सुरू झालं' असं सांगणारी एक पल्स. नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो. १० मेगाहर्ट्झ जोडलं की सगळं सिंक झालं, असं त्याला वाटतं. तसं नसतं. १० मेगाहर्ट्झने फक्त वेग जुळतो, क्षण जुळत नाही.

जुन्या काळातलं एक उदाहरण घ्या. १९०६ मध्ये देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम' वापरात होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. दोन्ही घड्याळांचा वेग एकच, क्षण मात्र वेगळा. ज्याला गाडी पकडायची, त्याला कोणतं घड्याळ धरायचं ते आधी ठरवावंच लागायचं. चाचणीच्या टेबलावर आपणही हेच करतो.

टॉवरकडून किती अचूकता लागते?

मोबाइल नेटवर्कचे नियम थ्रीजीपीपी ही जागतिक संस्था ठरवते. त्यातले आपल्या कामाचे आकडे असे:

- मोठ्या टॉवरसाठी फ्रिक्वेन्सीची चूक जास्तीत जास्त ०.०५ पीपीएम. म्हणजे दोन कोटीत एक भाग.
- छोट्या सेलसाठी ०.१ पीपीएम.
- टीडीडी नेटवर्कमध्ये, जिथे एकाच पट्ट्यात शेजारचे टॉवर एकमेकांच्या क्षेत्रात येतात, तिथे त्यांच्या फ्रेमच्या सुरुवातीत ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त फरक नको.
- एकाच टॉवरच्या दोन अँटेनांमधून मायमो पद्धतीने सिग्नल जात असेल, तर त्यांच्यातला फरक ६५ नॅनोसेकंदांच्या आत.

आकडे कोरडे वाटतील, म्हणून जरा तुलना करूया. साधं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २० पीपीएमने चुकलं, तर वर्षाला साधारण दहा मिनिटं मागेपुढे होतं. ०.०५ पीपीएम म्हणजे वर्षाला दीड सेकंदाच्या आसपास. हर्ट्झमध्ये सांगायचं तर ९०० मेगाहर्ट्झवर ४५ हर्ट्झ, आणि ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झवर १७५ हर्ट्झ.

आता ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत बसा. फक्त तुमच्या वेगामुळे, म्हणजे डॉप्लर परिणामामुळे, ३५०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये सुमारे ३२५ हर्ट्झचा फरक पडतो. फोनला तो सांभाळावा लागतोच. त्यावर टॉवरने आपली चूक लादायची नाही, म्हणून ही मर्यादा इतकी कडक आहे.

३ मायक्रोसेकंदांचं काय? तेवढ्या वेळात रेडिओ लहर ९०० मीटर जाते. नाशिकमध्ये सीबीएसवरून रविवार कारंजाकडे चालत निघालात, तर साधारण तेवढंच.

टीडीडी म्हणजे नेमकं काय, आणि क्षण इतका महत्त्वाचा का?

आपल्याकडे ४जीचा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा मुख्य पट्टा, हे दोन्ही टीडीडी आहेत. यात टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. थोडा वेळ टॉवर बोलतो आणि फोन ऐकतात, मग फोन बोलतात आणि टॉवर ऐकतो. मध्ये थोडी शांतता ठेवलेली असते, तिला गार्ड पीरियड म्हणतात.

आता समजा, शेजारच्या टॉवरचं घड्याळ सरकलं. आपला टॉवर फोनचा क्षीण आवाज ऐकायला बसलाय, आणि नेमका तेव्हा शेजारचा टॉवर पूर्ण ताकदीने बोलतोय. फोनची ताकद पाव वॅटच्या आत, टॉवरची कित्येक वॅट. कीर्तनात शेजाऱ्याने लाउडस्पीकर लावावा, तसं होतं. फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण फोटो अपलोड होत नाही आणि कॉल अडखळतो. वापरणारा फोनला दोष देतो. फोनची यात काहीच चूक नसते.

रेफरन्सचे प्रकार: कोण किती भरवशाचा?

लॅबमध्ये साधारण हे पर्याय असतात:

*यंत्राचं स्वतःचं क्रिस्टल.* चांगल्या सिग्नल ॲनालायझरमध्ये ओव्हनमध्ये ठेवलेलं क्रिस्टल असतं, त्याला ओसीएक्सओ म्हणतात. त्याचं तापमान कायम राखलेलं असतं. तरी वय वाढतं तसं ते सरकतं. वर्षाला ०.१ पीपीएम सरकणं अजिबात विशेष नाही. शिवाय यंत्र चालू केल्यावर ते स्थिर व्हायला निदान अर्धा तास द्यावा लागतो.

*रुबिडियम.* हे अणुघड्याळ. टेबलावर मावतं, आकाश दिसण्याची गरज नाही. महिन्याला ते दहा हजार कोटीत काही मोजकेच भाग सरकतं. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे छतावर अँटेना लावायची सोय नाही, तिथे हा उत्तम पर्याय. पण रुबिडियम फक्त वेग सांगतं. 'आत्ता किती वाजले' हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

*जीपीएसने शिस्त लावलेलं घड्याळ.* याला जीपीएसडीओ म्हणतात. आत ओसीएक्सओ किंवा रुबिडियम असतं आणि उपग्रहांचा सिग्नल त्याला सतत दुरुस्त करतो. दिवसभराची सरासरी काढली तर याची चूक लाख कोटीत एखाद्या भागापर्यंत खाली येते. हा १० मेगाहर्ट्झही देतो आणि दर सेकंदाला एक पल्सही. या पल्सला वन पीपीएस म्हणतात. वेग आणि क्षण दोन्ही मिळतात, म्हणून टीडीडी चाचणीत याला पहिली पसंती.

*नेटवर्कवरून येणारी वेळ.* फायबरवरून पीटीपी नावाच्या पद्धतीने वेळ पाठवतात. प्रत्यक्ष टॉवरवर ही खूप वापरतात. लॅबमध्ये मात्र ही मोजायची गोष्ट असते, फूटपट्टी नव्हे.

*तपासायच्या बेस स्टेशनचंच घड्याळ.* बऱ्याच युनिट्समध्ये १० मेगाहर्ट्झ बाहेर देणारा सॉकेट असतो. जुन्या २जी यंत्रांत १३ मेगाहर्ट्झ असायचं, कारण जीएसएमचा डेटा दर बरोबर १३ मेगाहर्ट्झचा ४८ वा भाग आहे. जोडायला हा पर्याय सगळ्यात सोपा. आणि तिथेच खरी मेख आहे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: जे मोजायचं, त्यालाच साक्षीदार करू नका

ॲनालायझरला तुम्ही बेस स्टेशनच्याच घड्याळाला जोडलं, की दोघं एकाच तालात चालतात. बेस स्टेशन चुकलं तर ॲनालायझरही तितकाच चुकतो. फरक शून्य, रिपोर्ट हिरवा. आपल्याकडे याला चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात.

कामातलं एक उदाहरण सांगतो. एका पुरवठादाराकडून २३५० मेगाहर्ट्झवर चालणारं रेडिओ युनिट आलं. सोबतच्या रिपोर्टमध्ये फ्रिक्वेन्सीची चूक प्रत्येक चॅनेलवर एक-दोन हर्ट्झ. वाचायला छान, पण इतकं छान की शंका यावी. त्यांच्या मांडणीचा फोटो मागवला, तर ॲनालायझरच्या 'रेफरन्स इन'ला युनिटचीच १० मेगाहर्ट्झची तार लावलेली होती. आम्ही ती काढली, जीपीएसडीओ जोडला आणि परत मोजलं. चूक निघाली १९० हर्ट्झ. मर्यादा होती साधारण ११७.

युनिट जीपीएसला लॉक झालेलंच नव्हतं. ते आपल्या आतल्या क्रिस्टलवर मोकाट चाललं होतं.

१९० हर्ट्झ म्हणजे काही फार नाही, असं कुणी म्हणेल. फोन तेवढं सांभाळूनही घेईल. पण हिशोब पुढे न्या. २३५० मेगाहर्ट्झवर १९० हर्ट्झ म्हणजे सुमारे ०.०८१ पीपीएम. म्हणजे घड्याळ दर सेकंदाला ८१ नॅनोसेकंद सरकतंय. खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंद दूर जायला त्याला १९ सेकंदही लागत नाहीत. ४जीत दोन सिम्बॉलचा, म्हणजे साधारण १४३ मायक्रोसेकंदांचा गार्ड धरला, तरी तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. असं युनिट टॉवरवर चढलं असतं, तर अर्ध्या तासानंतर त्याने आजूबाजूच्या टॉवरना ऐकू येईनासं केलं असतं. वेग आणि क्षण या वेगळ्या गोष्टी असल्या तरी वेगातली छोटी चूक साचत साचत क्षणाची मोठी चूक होते, ती अशी.

उलटी बाजूही बघा. बाहेरचा रेफरन्स न जोडता ॲनालायझर स्वतःच्या क्रिस्टलवर ठेवला, आणि त्याचं कॅलिब्रेशन होऊन वर्ष झालंय. तो ०.१ पीपीएम सरकला असेल, तर २३५० मेगाहर्ट्झवर ही चूक २३५ हर्ट्झ होते. म्हणजे फूटपट्टीचीच चूक मर्यादेच्या दुप्पट! आता उत्तम युनिटही नापास होईल. थ्रीजीपीपीच्या चाचणी नियमात फ्रिक्वेन्सीच्या मोजमापाची अनिश्चितता १२ हर्ट्झच्या आत मागितली आहे. २३५० मेगाहर्ट्झवर ते अब्जात पाच भाग होतं. वर्षभर न तपासलेल्या क्रिस्टलकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

पण कधी कधी एकच घड्याळ हवंच असतं

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. या तीसही डिश मिळून एक दुर्बीण व्हायची, तर सगळ्यांना एकच ताल लागतो. म्हणून मध्यवर्ती केंद्रातून ऑप्टिकल फायबरने रेफरन्स सगळीकडे पोचवतात. तिथे प्रश्न 'खरी वेळ काय' यापेक्षा 'आपण सगळे एकत्र आहोत का' हा असतो.

बेस स्टेशनच्या काही चाचण्याही अशाच आहेत. सिग्नलची गुणवत्ता बघताना ईव्हीएम मोजतात, म्हणजे प्रत्येक बिंदू आपल्या जागेपासून किती ढळला ते. ६४ क्वॅमसाठी ८ टक्के, २५६ क्वॅमसाठी ३.५ टक्के इतकी मर्यादा आहे. इथे घड्याळांमधला फरक मध्ये येऊ नये, म्हणून ॲनालायझर आणि युनिट एकाच रेफरन्सवर ठेवणं सोयीचं. दोघांनाही तिसऱ्याच, चांगल्या घड्याळाला जोडलं तर आणखी उत्तम.

एक बारकावा लक्षात ठेवा: दिवसभराच्या सरासरीत उत्तम असलेलं घड्याळ क्षणाक्षणाला शांत असेलच असं नाही. स्वस्त जीपीएसडीओच्या १० मेगाहर्ट्झमध्ये थरथर असेल आणि ॲनालायझरने ती गाळली नाही, तर तीच ईव्हीएममध्ये दिसते. अचानक ईव्हीएम वाढलं, तर युनिटला दोष देण्याआधी रेफरन्स बदलून बघावा.

ट्रिगर कुठून घ्यायचा?

आता क्षणाचा प्रश्न. ४जी आणि ५जीमध्ये एक फ्रेम १० मिलिसेकंदांची असते. ॲनालायझरला ती कुठे सुरू होते ते कळलं पाहिजे. चार रस्ते आहेत:

- युनिटने दिलेली फ्रेम पल्स, दर १० मिलिसेकंदांनी एक.
- जीपीएसडीओची वन पीपीएस.
- सिग्नलची ताकद वाढली की सुरू करणारा पॉवर ट्रिगर.
- ट्रिगरच नाही. सॉफ्टवेअर सिग्नलमधले सिंक सिग्नल शोधून फ्रेम ओळखतं.

टॉवर 'गप्प' असताना खरंच गप्प आहे का, हे बघायचं असेल तर युनिटची फ्रेम पल्स उत्तम. ५जीच्या ६ गिगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांत बोलणं थांबवून गप्प व्हायला १० मायक्रोसेकंद मिळतात, ४जीत १७. हा फरक फ्रेमच्या तुलनेत मोजायचा असल्याने युनिटची पल्स चालते.

पण फ्रेम खऱ्या वेळेला सुरू होते का, हे तपासायचं असेल तर युनिटची पल्स अजिबात नको. इथे वन पीपीएसच हवी, तीही स्वतंत्र घड्याळाची. सेकंदात बरोबर १०० फ्रेम बसतात, त्यामुळे प्रत्येक वन पीपीएसला कुठली तरी फ्रेम सुरू झालीच पाहिजे. मात्र फ्रेमचे क्रमांक १०२४ नंतर पुन्हा पहिल्यापासून येतात, म्हणजे १०.२४ सेकंदांनी. सेकंद आणि क्रमांक दोन्ही एकदम जुळायला २५६ सेकंद लागतात. 'फ्रेम जुळली' आणि 'फ्रेमचा क्रमांक जुळला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. स्क्रिप्ट लिहिताना ती वेगळी तपासा.

सीडीएमएच्या काळात तर हे अजून मजेशीर होतं. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने देशभर सीडीएमए सेवा आणली, ते फोन तुमच्या आई-बाबांना आठवत असतील. त्यात सगळे टॉवर एकच कोड वापरायचे, फक्त प्रत्येकाची सुरुवात ठरलेल्या वेळेने सरकवलेली असायची. कमीत कमी अंतर ५२ मायक्रोसेकंद. घड्याळ भरकटलं की एक टॉवर दुसऱ्याच टॉवरच्या नावाने ओळखला जाण्याची भीती! म्हणून प्रत्येक टॉवरवर जीपीएस अँटेना असायची. तिथे वन पीपीएस चालत नसे, दर दोन सेकंदांची पल्स लागायची. कारण साधं आहे: तो कोड २६.६७ मिलिसेकंदांचा. एका सेकंदात साडेसदतीस कोड बसतात, दोन सेकंदांत पूर्ण पंच्याहत्तर. विषम सेकंदाला ट्रिगर केलं, तर अर्ध्या कोडावर कापलं जायचं.

तारेची लांबीही मोजा

साध्या कोॲक्स तारेत सिग्नल मीटरमागे साधारण ४ ते ५ नॅनोसेकंद घेतो. छतावरून लॅबपर्यंत ३० मीटर तार आली, तर १२० ते १५० नॅनोसेकंद गेले. जीपीएस रिसीव्हरमध्ये ही भरपाई भरावी लागते. दोन अँटेनांमधला ६५ नॅनोसेकंदांचा फरक मोजताना दोन्ही तारा सारख्या लांबीच्या हव्यात, किंवा त्यांचा फरक आधी मोजून वजा केलेला हवा. १० मेगाहर्ट्झ अनेक यंत्रांना द्यायचं असेल तर टी-कनेक्टरची माळ करू नका, वितरणासाठी असलेला ॲम्प्लिफायर वापरा.

उपग्रहावर डोळे झाकून विश्वास ठेवावा का?

नाही. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवर चुकीची माहिती चढली. त्यामुळे यूटीसी वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंद चुकली. नकाशे ठीक चालले, पण जगभरातल्या अनेक वेळ-यंत्रणांनी अलार्म दिले. टीडीडीची ३ मायक्रोसेकंदांची मर्यादा आठवा, म्हणजे १३ चा अर्थ कळेल. गंमत म्हणजे जीपीएसची स्वतःची वेळ तेव्हा ठीक होती. बिघडलं होतं तिच्यापासून यूटीसी काढायचं गणित. म्हणून रेफरन्स निवडताना तो जीपीएस वेळेवर आहे की यूटीसीवर, हेही लिहून ठेवायचं. २०१७ पासून या दोन्हींत १८ सेकंदांचा फरक आहे.

आपल्या 'नाविक'नेही हा धडा घेतला. आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली आणि चालता उपग्रह दिशादर्शनासाठी निकामी झाला. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ आहे. लॅबसाठी शक्य असेल तर जीपीएस आणि नाविक दोन्ही घेणारा रिसीव्हर घ्या, आणि शेजारी एक रुबिडियम ठेवा. दोघांत फरक पडला, की कोणीतरी खोटं बोलतंय हे निदान कळतं.

उपग्रह गेला तर घड्याळ किती वेळ टिकतं, यालाही चाचणी आहे. त्याला होल्डओव्हर म्हणतात. घड्याळ हजार कोटीत एक भाग इतकंच चुकत असेल, तरी दिवसात ८.६ मायक्रोसेकंद सरकतं. ही चाचणी करताना युनिटची जीपीएस तार काढायची, पण ॲनालायझरची ठेवायची. दोन्ही एकाच अँटेनावर असतील तर स्प्लिटरच्या कुठल्या बाजूची तार काढताय, ते दोनदा बघा.

थोडक्यात निवड कशी करायची

- फ्रिक्वेन्सीची चूक: स्वतंत्र जीपीएसडीओ किंवा रुबिडियम. युनिटचं घड्याळ कधीच नाही.
- ईव्हीएम: दोघांना एकच शांत रेफरन्स, ट्रिगर युनिटचा चालेल.
- टीडीडीची चालू-बंद वेळ: ट्रिगर युनिटची फ्रेम पल्स.
- अँटेनांमधला फरक: एकाच ॲनालायझरवर एकाच वेळी, सारख्या तारा.
- फ्रेमची खरी वेळ: स्वतंत्र वन पीपीएस, तारेची भरपाई भरून.
- होल्डओव्हर: फक्त युनिटचा उपग्रह बंद, मोजणाऱ्याचा चालू.

आणि रिपोर्टमध्ये एक ओळ सक्तीची करा: या मोजमापाला रेफरन्स कोणता होता आणि तो लॉक होता का. माझ्या स्क्रिप्टमध्ये ॲनालायझरला आधी हेच विचारलं जातं. उत्तर 'आतला रेफरन्स' असं आलं, तर चाचणी सुरूच होत नाही.

नेहमी पडणारे प्रश्न

*माझ्या फोनमध्ये वेळ बरोबर दिसते, मग टॉवरचं घड्याळ ठीकच ना?*
तसं म्हणता येत नाही. स्क्रीनवरची वेळ सेकंदात असते. टॉवरचा प्रश्न मायक्रोसेकंदांचा आहे, ते स्क्रीनवर दिसत नाही.

*एफडीडी पट्ट्यांना हे लागत नाही का?*
वेग लागतोच, तिथेही ०.०५ पीपीएम. पण बोलणं आणि ऐकणं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असल्याने साध्या वापरात शेजारच्या टॉवरशी क्षण जुळवण्याची सक्ती नसते.

*भारताची अधिकृत वेळ कोण ठेवतं?*
नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे सीएसआयआर-एनपीएल. त्यांच्या अणुघड्याळांवरून प्रमाणवेळ ठरते.

*नाशिककरांना याचा काय उपयोग?*
२०२७ चा सिंहस्थ समोर आहे. एवढ्या गर्दीसाठी ऑपरेटर चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणि छोटे सेल आणतात. रामकुंड, तपोवन किंवा त्र्यंबकच्या कुशावर्ताजवळ ते एकमेकांना अगदी खेटून उभे राहतील. घाईत लावलेल्या अशा एका सेलचा जीपीएस मंडपाच्या पत्र्याखाली झाकला गेला आणि त्याचं घड्याळ सरकलं, तर त्रास त्या एका सेलपुरता राहत नाही, आजूबाजूच्या सगळ्यांना होतो. गर्दीत हरवलेलं मूल शोधणाऱ्या आईचा कॉल त्यात अडकू शकतो. म्हणून ही युनिट्स मैदानात जाण्याआधी स्वतंत्र घड्याळासमोर तपासली गेली पाहिजेत, आणि जागेवर बसवल्यावर जीपीएस लॉक आहे की नाही हे पुन्हा बघितलं पाहिजे. दुसरं काम दहा मिनिटांचं आहे.